अकरा महिन्यांचं पिस्तूल

ओक्लाहोमातल्या एका खेड्यात लोर्ना शाळेची बस चालवायची. शेजारच्या ड्वेनच्या कुत्र्यांनी तिच्या तीन शेळ्या फाडल्या, तेव्हा तो म्हणाला होता, "कुंपण नीट घाल, म्हातारे." त्या दिवसापासून तिने सिगारेट सोडली आणि ती आठवड्याला दहा डॉलर बाजूला टाकायला लागली. पिस्तुलापुरते पैसे साठायला अकरा महिने लागले.

दुकानदाराने तिच्यापुढे गुलाबी मुठीचं इवलंसं पिस्तूल ठेवलं. "बायकांना हेच झेपतं."

"सल्ला मागितला नाही मी," लोर्ना म्हणाली. "ते वरचं काळं काढ."

अर्ज भरून सरकारी नोंदींची तपासणी होईपर्यंत ती उभीच राहिली. त्याने पुढे केलेल्या खुर्चीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

ती घरी आली तेव्हा ड्वेन कुंपणापाशीच होता. तिच्या हातातलं पिस्तुलाचं खोकं बघून तो हसला. "नेम तरी धरता येतो का तुला?"

"शिकतेय. तुझी कुत्री इकडे आली की सराव होईल."

त्याचं हसू मावळलं. संध्याकाळपर्यंत चारही कुत्री साखळीला बांधलेली होती. लोर्नाला मात्र त्यात काही समाधान वाटलं नाही. याच माणसाला तिने आधी तीनदा कुत्री बांधायला गोडीत सांगितलं होतं, आणि तेव्हा म्हणे त्याला साखळ्या परवडत नव्हत्या.