नेव्हचे निळे मासे आणि जॅमची बरणी

माझ्या नवऱ्याने लाकडाच्या गिरणीत एकेचाळीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर आठ महिने एका खुर्चीत. त्या आठ महिन्यांत तो माझ्याशी एकदाही भांडला नाही. ऐकणाऱ्याला हे सुख वाटेल. मला विचारा.

"नेव्ह, आज कोकराची तंगडी भाजू की सॉसेज करू?"

"काहीही चालेल."

"माझी बहीण पंधरा दिवस राहायला येते म्हणतेय."

"येऊ दे की."

माझ्या बहिणीच्या बाबतीत हा माणूस 'येऊ दे' म्हणतो म्हणजे काहीतरी भयंकर बिनसलंय, हे कळायला डॉक्टर लागत नाही. तरी डॉक्टर झाला. गोळ्या झाल्या. पर्थला राहणाऱ्या लेकीचे फोनवरचे सल्लेही झाले. खुर्ची काही सुटेना. हा असाच गप्प बसून एक दिवस विझून जाणार, अशी मला खरोखर धास्ती वाटायला लागली होती.

मग वाढदिवसाला मी त्याला चार फुटांचा फिशटँक आणून दिला. त्याने बागेतला पाइप खिडकीतून आत घेऊन तो भरला आणि त्यात गप्पी सोडले, थोडे रेनबो मासे सोडले. ते मजेत राहिले. नेव्ह सकाळी सातला उठून त्यांना खायला घालू लागला. आणि एक दिवस लायब्ररीतून आणलेलं पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाला, "मला ही जोडी हवी."

बुटके सिक्लिड जातीचे मासे होते ते, दक्षिण अमेरिकेतले. बोटाएवढे, अंगभर निळे ठिपके, आणि आईबाप दोघं मिळून पोरांना सांभाळणारे. पण मी चित्राकडे नीट पाहिलंच नाही. 'हवी' हा शब्द आठ महिन्यांनी त्याच्या तोंडून आला होता. त्याने मगर मागितली असती तरी मी आणली असती.

दुकानातली टायला नावाची मुलगी फोनवर म्हणाली, "आधी घरचं पाणी घेऊन या. या माशांना मऊ पाणी लागतं, क्षार कमी असलेलं. पाणी बघितल्याशिवाय मी जोडी देत नाही." शहाणी मुलगी. नेव्ह गाडीची किल्ली शोधत होता, म्हणून जॅमची रिकामी बरणी मी भरली.

इथेच घोळ झाला. आमच्या ओट्यावर दोन नळ आहेत, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या माउंट गॅम्बियर गावात बऱ्याच घरांत असतात तसे. मोठा नळ गावच्या पाण्याचा, तेच पाणी भांड्यांना, अंघोळीला आणि बागेतल्या पाइपला. छोटा नळ अंगणातल्या टाकीचा. छपरावरचं पावसाचं पाणी त्या टाकीत साठतं, ते प्यायला आणि चहाला. गावाखाली सगळा चुनखडीचा दगड, त्यामुळे मोठ्या नळाचं पाणी किटलीत उकळलं तर आठवड्यात आत पांढरी खपली धरते. तो चहा आम्ही शत्रूलाही देत नाही. कुणी नुसतं 'पाणी' म्हटलं की हात आपोआप छोट्या नळाकडे जातो. माझाही गेला.

दुकानात टायलाने त्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायला सुरुवात केली. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, जितके जास्त तितकं पाणी जड. दुसऱ्याच थेंबाला रंग बदलला.

"कमाल आहे! या गावात इतकं मऊ पाणी मी पाहिलेलंच नाही. राहता कुठे तुम्ही?"

"टेकडीच्या बाजूला," नेव्ह छाती फुगवून म्हणाला. "आमच्याकडचं पाणी पहिल्यापासूनच चांगलं."

मी शेजारी उभी राहून मान डोलावली. दोन शहाणे एकत्र आले की असं होतं.

जोडी घरी आली. दुसऱ्या दिवशी निळा रंग उतरला. तिसऱ्या दिवशी दोघं पंख मिटून फिल्टरच्या मागे तोंड लपवून बसले, खाईनात. गप्पी मात्र वरातीत नाचावं तसे हुंदडत होते. नेव्हने थर्मामीटर बदलला, कसल्या कसल्या बाटल्या ओतल्या. चौथ्या दिवशी तो परत खुर्चीत जाऊन बसला.

"मला दोन मासेसुद्धा सांभाळता येत नाहीत, ग्लेनिस," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, हॉर्स्टला विचार ना."

हॉर्स्ट म्हणजे कुंपणापलीकडचा जर्मन म्हातारा. मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात चाळीस वर्षं, मागच्या शेडमध्ये तीस टँक. तो कधीच चुकत नाही, आणि आपण चुकलो नाही हे दुसऱ्याला सांगायलाही चुकत नाही.

"हॉर्स्टला? त्यापेक्षा मी ते मासे तळून खाईन," नेव्ह म्हणाला. पण तेही कसं, तर भिंतीकडे बघत, पुटपुटत.

तो दुपारी लवंडल्यावर मी कुंपण ओलांडलं आणि हॉर्स्टला सगळं सांगितलं.

"तपासायला पाणी कुठलं नेलं होतंस?" त्याने विचारलं.

"नळाचं."

"कुठल्या नळाचं?"

"छोट्या," मी म्हटलं, आणि म्हणताम्हणताच मला उमगलं. हॉर्स्टने आपल्या शेडमधल्या गावच्या नळाचं पाणी घेतलं आणि थेंब टाकू लागला. एक, दोन, तीन... तेराला रंग बदलला. त्याच्या तोंडावरचं समाधान मला बघवेना.

"मग आता टँकमध्ये पावसाचं पाणी घालू?"

"फेब्रुवारी चाललाय, ऐन उन्हाळा. टाकीत आहे किती?"

मी सकाळीच टाकीवर टकटक करून पाहिलं होतं. पत्र्याच्या खालच्या दोन वळ्यांपर्यंतच भरीव आवाज येत होता, म्हणजे पाणी तेवढंच.

"म्हणजे पाऊस लागेपर्यंत एक तर चहा, नाहीतर मासे," हॉर्स्ट म्हणाला. "आणि मऊ पाण्यात तुमचे गप्पी रडतील. अगं बाई, आपलं पाणी जे आहे ते आहे. त्याला चालतील ते मासे घ्या." त्याने एका टँककडे बोट दाखवलं. "हे क्रिबेन्सिस. आफ्रिकेतले. हेही बुटके सिक्लिडच. बिळात राहतात, पोरं सांभाळतात, मादीचं पोट चेरीसारखं लाल होतं. आपल्या पाण्याबद्दल यांची काही तक्रार नाही. माझ्याकडे तीन जोड्या आहेत. तुमचे निळे माझ्या मऊ पाण्याच्या टँकमध्ये आण, जगतील. पण आजच."

"मग दे पटकन. तो उठायच्या आत बदलून टाकते."

"निळे गेले आणि लाल पोटाचे आले, हे त्याला कळणार नाही? निवृत्त झालाय, आंधळा नाही झालेला. जाऊन सांग त्याला. मासे त्याचे, निवडू दे त्यालाच."

कुंपणापासून स्वयंपाकघरापर्यंत चाळीस पावलं आहेत. मी ती फार सावकाश टाकली. तो चिडेल याची भीती नव्हती. भीती एवढीच होती, की तो त्याच मेल्या आवाजात 'असू दे' म्हणेल. तसं म्हणाला असता तर माझ्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता.

मी चहा केला, त्याला उठवून त्याच्यापुढे ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. "नेव्ह, ती बरणी मी छोट्या नळाने भरली होती. मासे पावसाच्या पाण्याच्या हिशोबाने आणले आणि सोडले गावच्या पाण्यात. तुझी काही चूक नाही. माझी आहे."

त्याने छोट्या नळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ग्लेनिस!!"

हिरवळीवरचा मॅगपाय पक्षी उडून गेला.

"छोट्या नळाने? अगं, तू काय माशांना चहा पाजणार होतीस? आणि मी तिथे त्या पोरीसमोर छाती काढून सांगतोय, आमच्या टेकडीचं पाणी चांगलं! शेजारी उभी होतीस ना? मान डोलावत होतीस! आणि आता विषय निघालाच आहे तर, आठ महिने बघतोय, गाडी मागे घेताना रोज त्या गुलाबाला धडकतेस! आणि तुझी ती बहीण! पंधरा दिवस? कुणी सांगितलं तिला पंधरा दिवस?"

पाऊण तास चाललं. मी खुर्चीत, त्याच्याच खुर्चीत, पाय वर घेऊन बसले आणि शब्द न् शब्द ऐकला. चाळीस वर्षं मी ज्याच्याबरोबर काढली तो हाच माणूस होता. मला त्याची किती आठवण येत होती ते त्या दिवशी कळलं.

मग त्याने जाळी घेतली, निळी जोडी अलगद बादलीत घेतली आणि तरातरा कुंपणाकडे निघाला.

थोड्याच वेळात शेडमधून आवाज यायला लागले.

"ही जोडी? हिचं पोट लाल आहे? हे गुलाबीसुद्धा नाही!"

"चाळीस वर्षं मासे पाळतोय मी, नेव्ह!"

"मग चाळीस वर्षं चुकतोयस! ती कोपऱ्यातली काढ!"

"ती विकायची नाही!"

"मग दाखवलीस कशाला?"

मी मागच्या पायरीवर बसले आणि चांगला हंबरडा फोडून रडले. दोघांनाही ऐकू गेलं नाही. ते फारच जोरात भांडत होते.