तांबडमळ्यातला सत्याऐंशी मिलिमीटर पाऊस

तांबडमळ्यात काय घडलं हे तांबडमळ्याला पंचायतीच्या फळ्यावरून कळायचं. गाव नगरपासून सहा मैलांवर. निम्मी माणसं सकाळच्या एसटीनं नगरच्या कचेऱ्यांत जायची आणि निम्मी शेतावर. दोघांची गाठ पडायची ती फळ्यासमोर. फळा लिहायची इंदू. विष्णुपंत गुरुजींची ही मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती आणि नोकरीच्या अर्जांची उत्तरं येण्याची वाट बघत घरी बसली होती. "नुसती बसू नकोस, लिही," म्हणून सरपंच काकासाहेबांनी तिच्या हातात खडू दिला.

पहिल्याच आठवड्यात फळ्याला वळण लागलं. पूर्वी तिथं 'लस टोचणी लवकरच' असं असायचं. आता 'लस टोचणी बुधवारी साडेनऊ ते बारा, शाळेच्या दक्षिणेकडच्या खोलीत' असं दिसायला लागलं. सूर्यभानची म्हैस हरवली तेव्हा इंदूनं दोन शिंगांतलं अंतर विचारून तेही फळ्यावर टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात कुणीतरी सुतळीनं मोजून ती म्हैस ओळखली. तेव्हापासून इंदूचा आकडा म्हणजे आकडा, हे गावात ठरून गेलं.

म्हणूनच पर्जन्यमापकही तिच्याकडे आला. हे सरकारी यंत्र वैशाखात पंचायतीच्या आवारात बसवलं होतं: पितळी काठाचं नरसाळं, त्याखाली बाटली, भोवती पत्र्याचं नळकांडं. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत आणि फळ्यावर लिहायचा आणि चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरबरोबर तहसील कचेरीत पाठवायची. ते साल बाहत्तरचं होतं, त्यामुळे इंदूचं काम फार सोपं होतं. आषाढात एकदा साडेअकरा मिलिमीटर पाऊस पडला तेवढाच. ते पाणी तिनं कौतुकानं औषधाच्या बाटलीत भरून फळीवर ठेवलं. बाकी रोज शून्य. खडूनं शून्य काढून काढून तिचा हात असा बसला होता की फळ्यावरचं शून्य कंपासनं काढल्यासारखं दिसे.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी इंदूनं शून्य लिहिलं आणि मामेबहिणीच्या मंगळागौरीसाठी ती नेवाशाला गेली. जाताना वडिलांना सगळं समजावून गेली. बुधवारी दुपारी परत आली तेव्हा तिच्या पायांत अजून फुगड्या होत्या. एसटीतून उतरली, पायाखालची धूळ घोट्यापर्यंत उडाली, आणि समोर फळ्यावर, बुधवारच्या शून्याच्या वरच, विष्णुपंतांच्या मोत्यासारख्या अक्षरात दिसलं:

'मंगळवार. पाऊस ८७.४ मि.मी.'

इंदूनं आभाळाकडे पाहिलं, धुळीकडे पाहिलं आणि सरळ घर गाठलं.

"नाना, मंगळवारी पाऊस पडला?"

"तू सांगितल्याप्रमाणे मोजला," विष्णुपंत म्हणाले. "माप वीसचं. चार वेळा भरलं, पाचव्यांदा सात पूर्णांक चार. दोनदा मोजलं."

"पण पडला का?"

"आभाळाकडे बघायला तू सांगितलं नव्हतंस. मी रात्री झोपलेला असतो."

पस्तीस वर्षं शाळेत घालवलेला माणूस. इंदूनं वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात विष्णुपंतांनी लिहिलं होतं: 'नरसाळ्यात बेलाचे पान एक. अक्षता सात.'

"नाना, अक्षता आभाळातून पडतात?"

"म्हणून तर शेरा मारला. कारण शोधणं माझ्याकडे नव्हतं." मग ते म्हणाले, "पाणी मात्र टाकलं नाही. दप्तरी प्रत हवी म्हणून बरणीत भरून ठेवलंय, वर तारीख घातलीय."

इंदूला हसू आलं, पण ते तोंडातल्या तोंडात राहिलं. कारण मंगळवारची चिठ्ठी कचेरीत पोचली होती, आणि गावाच्या उत्तरेला पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं, त्यावर तांबडमळ्यातली एकशे चाळीस माणसं माती वाहत होती, आणि कचेरीनं आधीच सांगून ठेवलं होतं की आठवड्यात पन्नासच्या वर पाऊस झाला की काम बंद, माणसांनी पेरणीला लागावं. एरवी साध्या अर्जाला तीन महिने घेणारी कचेरी या वेळी दोन दिवसांत हलली. गुरुवारी हुकूम आला: शनिवारपासून काम बंद, शुक्रवारी नायब तहसीलदार पारखे स्वतः येऊन 'पावसानंतरची परिस्थिती' पाहतील.

काकासाहेब डोक्याला हात लावून पंचायतीच्या पायरीवर बसले. "इंदू, एकशे चाळीस चुली हायेत ह्या आकड्यावर."

"आकडा बरोबर आहे, काका. पाऊस चूक आहे."

"म्हंजी?"

"कुणीतरी पाणी ओतलंय. यंत्राकडे नीट बघा."

दोघं यंत्राजवळ गेले. ओटा पुंजाराम गवंड्यानं बांधला होता. सरकारी कागदावर चौकोनी ओटा होता. पण पुंजारामनं आयुष्यभर महादेवाची देवळं बांधलेली, हात आपला सवयीच्या वळणानं गेला. ओटा गोल झाला होता. पाणी साचू नये म्हणून उत्तरेकडे त्यानं छान निमुळती पन्हळ काढली होती. मधोमध यंत्र उभं, आणि वैशाखातलं कुंकू अजून त्याच्या पोटावर होतं. काकासाहेबांनी डोळे बारीक केले. मग नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

"काढू नका," इंदू म्हणाली. "तेच तर झालंय."

खरा महादेव ओढ्यापलीकडे, टेकडीवर. दिवसभर माती वाहून आलेल्या बायांना सोमवारचा उपास सोडायच्या आधी तिथवर जाणं कठीण, आणि हा इथे रस्त्यावर. इंदू बायांच्या घोळक्यात गेली आणि सगळ्यांत पुढारी असलेल्या आक्काबाईला सरळ विचारलं. पण मध्ये एक गोष्ट होऊन बसली होती. यंत्र पाहून आल्या आल्या काकासाहेबांनी रागाच्या भरात दवंडी दिली होती की सरकारी यंत्राला ज्यानं हात लावला असेल त्याला सहा महिने आत टाकतील.

"आमी कशाला घालू पानी?" आक्काबाई आभाळाकडे बघत म्हणाली. "आमाला काय म्हाईत न्हाई बाई. पडला आसंल पाऊस. देवाची करनी."

"फक्त यंत्रावर?"

"देवाला कुठं पडायचं ते आपुन कोन सांगनार?"

मागच्या साताठ जणींनी पदर तोंडाला लावले. हसण्यासाठी की भीतीनं, ते इंदूला कळलं नाही. ती घरी आली, आणि स्वयंपाकघरात बादलीजवळ तिला उत्तर सापडलं. तांबडमळ्याच्या विहिरींचं पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही आणि साबण लावला तर फेसाऐवजी दह्यासारखी साय धरते. पावसाचं पाणी हलकं, त्यात चिमूटभर साबणाचाही फेस मावत नाही. तिनं धुण्याच्या वडीचा बारीक कीस करून कोमट पाण्यात कालवला, एका मापाच्या तीन बाटल्या घासल्या आणि पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग विष्णुपंतांची बरणी उचलली.

"दप्तरी प्रत वापरणार?" विष्णुपंतांनी विचारलं.

"निम्मी."

शुक्रवारी पारखेसाहेब जीपमधून उतरले. ओठावर बारीक मिशी, हातात रुमाल, पंचायतीच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांनी तो दोनदा घामानं भिजवला. कामावरच्या बाया-माणसं दुपारची सुटी म्हणून आवारात जमली होती. काकासाहेबांनी हात जोडून सगळं सांगितलं. विष्णुपंतांनी शेऱ्याचा रकाना पुढे केला.

"पान नंतरही उडून येईल, गुरुजी," पारखे म्हणाले. "कागदावर सत्याऐंशी आहे. कागदाविरुद्ध मी काय लिहू?"

"रावसाहेब, दहा मिनिटं द्या," इंदू म्हणाली.

तिनं टेबलावर तीन बाटल्या मांडल्या आणि प्रत्येकीवर कागद डकवला: आषाढातला पाऊस, गावची विहीर, मंगळवारचं यंत्र. प्रत्येकीत साबणाचं पाणी एकेक चमचा. मग एक बाटली पारखेंच्या हातात, दुसरी काकासाहेबांच्या आणि तिसरी आपल्या हातात घेतली.

"दहा वेळा हलवायचं. सगळ्यांनी बरोबर."

आवारात शंभरेक माणसं एका सुरात मोजायला लागली. एक, दोन, तीन. नायब तहसीलदार बाटली अशी हलवत होते की त्यांचं पेन खिशातून उडून गेलं. काकासाहेबांनी उत्साहात दहाच्या जागी चौदा केले आणि इंदूनं डोळे मोठे केल्यावर बाटली पटकन टेबलावर ठेवली. विष्णुपंत घड्याळ बघत होते, ते कशासाठी हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पारखेंच्या बाटलीत, म्हणजे आषाढातल्या पावसात, फेस बुचापर्यंत चढला आणि बूच काढल्यावर त्यांच्या मनगटावरून खाली ओघळला. काकासाहेबांच्या विहिरीच्या पाण्यात वर नुसती मळकट साय. आणि इंदूच्या हातातल्या मंगळवारच्या पाण्यात तीच, तशीच साय.

पारखेंनी तिन्ही बाटल्या उजेडाकडे धरल्या, खाली ठेवल्या, परत धरल्या.

"म्हणजे हा पाऊस नव्हेच," ते म्हणाले. "कुणीतरी यंत्रात विहिरीचं घाण पाणी ओतलंय."

तशी घोळक्यातून आक्काबाई पुढे आली. चेहरा लाल.

"घान कसं म्हन्ता, रावसाहेब? चाफ्याच्या हिरीचं हाय. म्या सवता शेंदलंय, अंगुळ करून, वल्यानं. तांब्या मातीनं घासला हुता. इचारा ह्या भीमाबाईला."

भीमाबाईनं कपाळावर हात मारला. "आक्के, सा म्हैने."

पण आक्काबाई आता थांबणार नव्हती. "दिऊ दे सा म्हैने. पर माज्या पान्याला घान म्हनायचं न्हाई. आमी सात जनींनी घातलं. सोमवार हुता, उपास हुता. टेकडीवर जायला पायात तरान न्हवतं."

"पण बाई," पारखे म्हणाले, "ते पाऊस मोजायचं यंत्र आहे. त्याला देव कुणी केलं?"

"तुमीच की."

"मी?"

"वैशाखात ह्याच जीपगाडीतनं आल्ता. ह्याच्याम्होरं नारळ फोडला. कुकू लावलं, हार घातला, हात जोडलं. मला खोबऱ्याचा तुकडा तुमच्या हातानं दिला, ह्या ह्या हातानं. म्या इचार केला, येवढा मोठा साहेब डब्याच्या पाया कशाला पडंल?"

पारखेंनी काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी पुंजारामकडे. पुंजारामनं पन्हळीकडे पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "ती म्या जरा चांगली काढली."

आधी इंदूला हसू फुटलं. बुधवारपासून तोंडात धरलेलं ते हसू असं सुटलं की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग भीमाबाई, मग सगळ्या सात जणी, मग सगळं आवार. पारखेंनी आब राखण्यासाठी रुमाल तोंडाला लावला, पण हाताला साबण होता. ओठाला फेसाची दुसरी मिशी लागली. ती पाहून विष्णुपंत हसले, आणि गुरुजींना हसताना पाहण्याची गावाला सवय नसल्यामुळे हसण्याची दुसरी लाट आली.

मिशी पुसून पारखेसाहेब खुर्चीवर बसले, हरवलेलं पेन मागून घेतलं आणि तिथल्या तिथे लिहिलं: 'मंगळवारची नोंद रद्द. प्रत्यक्ष पर्जन्य शून्य. काम पूर्ववत चालू राहावे.' लिहून झाल्यावर ते थबकले. "कारण काय लिहू? सात बायांनी अभिषेक केला असं लिहिलं तर वर उद्घाटन कुणी केलं ते विचारतील."

"विहिरीचे पाणी मिसळल्याचे रासायनिक परीक्षेत आढळले, असं लिहा," इंदू म्हणाली. "ते खरंच आहे."

"आणि परीक्षा घेणारं कोण?"

"इंदू विष्णुपंत, बी.एस्सी.," विष्णुपंतांनी स्पष्ट उच्चारात सांगितलं. "दोन पूर्णविराम आहेत त्यात. बी नंतर एक आणि एस्सी नंतर एक."

माणसं कामावर परत निघाली तेव्हा सात जणी सगळ्यांत पुढे होत्या, पाट्या हातात घेऊन, आणि एकीनं 'एक, दोन, तीन' म्हणायला सुरुवात केली की बाकीच्या रिकाम्या पाट्या हलवत होत्या.

येत्या सोमवारचं काय, हा प्रश्न होताच. आता नको म्हटलं तर आक्काबाई ऐकेल, पण हळहळेल. पुंजारामनं रविवारी यंत्राभोवती चौकोनी तारेचं कुंपण घातलं, पन्हळ बुजवली आणि वीस पावलांवर, निंबाखाली, एक गोटा बसवून त्याला नवी पन्हळ काढली; या वेळी मन भरून. वीस पावलं इंदूनं स्वतः टाकून मोजली, शिंतोडे उडू नयेत म्हणून. कुंकू लावलं, नारळ फोडला काकासाहेबांनी, आणि खोबरं वाटताना यंत्राकडे पाठ केली.

सोमवारी संध्याकाळी आक्काबाई तांब्या रिकामा करून बाकीच्या सहा जणींसह फळ्यापाशी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण शून्य ओळखू येत होतं.

"इंदूताई, आमचं सत्याऐंशी पार पुसलं का गं? सात जनींनी घातलं हुतं."

इंदूनं थोडा विचार केला. आकडा दोनदा मोजलेला होता, पाणी खरं होतं, ओतणाऱ्या सातही जणी समोर उभ्या होत्या. फक्त ते आभाळाच्या खात्यावर नको होतं. तिनं खडू उचलला आणि शून्याखाली नवी ओळ लिहून ती मोठ्यानं वाचून दाखवली:

'पाऊस: ०.०. आक्काबाई आणि मंडळी: ८७.४.'

"व्हय," आक्काबाई म्हणाली. "आता बराबर झालं."