चढाच्या आधी

मिस्त्रींच्या गॅरेजात ऑटोमॅटिक गाडी आली की दारातूनच परत जायची. जिचे गिअर हाताला लागत नाहीत तिचं दुखणं आपल्याला कळत नाही, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. पण मुलीनं हट्टच धरला. भंगारातला एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिनं दीड महिना खपून एकटीनं उभा केला आणि घरच्या गाडीत बसवला. तेव्हा मिस्त्रींनी अट घातली. मागे ट्रेलर जोडायचा, त्यावर लेथ मशीन चढवायचं आणि घाटमाथ्यावर मामाच्या शेडपर्यंत न्यायचं. वर पोचल्यावर गिअरबॉक्सचं तेल लाल निघालं तर ऑटोमॅटिकचं काम उद्यापासून सुरू. करपून काळं निघालं तर विषय कायमचा बंद.

मामा मागच्या सीटवर ऐसपैस बसला होता. "भावोजी, मशीन माझं, पोरगी तुमची. गाडी अडली तर आधी कुणाला उतरवायचं?"

"तुला. सगळ्यात जड तूच आहेस."

सपाट रस्ता होता, गाडी मुलगी चालवत होती. मिस्त्रींची नजर मात्र गिअरच्या दांड्यावरच्या बटणावर खिळलेली. ओव्हरड्राइव्ह चालूच होता. ओझं ओढताना तो सगळ्यात वरचा गिअर बंद ठेवायचा, एवढं त्यांनीही ऐकलं होतं.

"काही विसरलीस का?"

"नाही, बाबा."

"मागे लेथ आहे, कापूस नाही."

"पण बॉक्स एकाच गिअरवर शांत चाललाय ना? कान देऊन ऐका की."

त्यांनी ऐकलं. आवाज एकसारखा होता, खालीवर होत नव्हता. पण समोर घाट दिसायला लागला होता. तिथे हाच बॉक्स चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर उड्या मारणार आणि दर उडीला तापणार. दीड महिन्याची मेहनत अर्ध्या तासात जळायची.

चढ शंभरेक पावलांवर असताना तिनं अंगठ्यानं बटण दाबलं. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्ह बंद झाल्याचा दिवा लागला. इंजिनाचा आवाज एक पट्टी चढला आणि तिथेच ठरला.

"आत्ताच? अजून चढ कुठे लागलाय?" मामा म्हणाला.

"दम लागल्यावर ओझं उतरवायचं का, मामा?"

मिस्त्री चपापले. हातानं गिअर टाकण्यात त्यांची हयात गेली, पण इंजिन कण्हल्याशिवाय त्यांनी कधी खालचा गिअर घेतला नव्हता. पोरगी कण्हायची वेळच येऊ देत नव्हती. मधल्या उतारावरही तिनं बटणाला हात लावला नाही. इंजिनानंच गाडी धरून ठेवली, ब्रेकवर पाय नावाला.

शेडपाशी इंजिन चालू ठेवूनच तिनं गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली आणि बापापुढे धरली. "तुम्हीच बघा."

त्यांनी पट्टी पांढऱ्या रुमालावर पुसली. डाग लालभडक उमटला. नाकाशी नेऊन हुंगला, करपटपणाचा मागमूस नव्हता. पुन्हा हुंगला.

"भावोजी, अत्तर आहे का ते?"

मिस्त्रींनी रुमालाची घडी करून ती खिशात ठेवली. त्यांनी फोन लावला.

"काल तुमची ऑटोमॅटिक परत पाठवली, तो मीच बोलतोय. उद्या घेऊन या. छे हो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. "आमच्याकडे ते काम माझी मुलगी करते."