वेलीचं कालचं कुलूप

भरतकामाच्या त्या कारखान्यात सासूबाईंचा शब्द शेवटचा. नक्षी मनात भरली की कॉम्प्युटरवर त्या तिच्या फाइलला कुलूप लावायच्या. मशीन फक्त कुलूपवालीच नक्षी शिवायचं. कॉम्प्युटर सांभाळायची सून. तीही हौसेनं नक्ष्या काढायची, पण तिच्या एकाही नक्षीवर तिनं कधी कुलूप पाहिलं नव्हतं. एका गायिकेच्या झग्यासाठी काढलेली वेलही काल संध्याकाळी तशीच उघडी होती.

आज सकाळी दिरानं साफसफाईच्या भरात नक्ष्यांचं अख्खं फोल्डरच उडवलं. झगा तर संध्याकाळी द्यायचा. सून मात्र घाबरली नाही. कॉम्प्युटर रोज दुपारी सगळ्याचा स्नॅपशॉट घ्यायचा. म्हणजे त्या घडीला जे जसं असेल, ते तसंच्या तसं जपून ठेवायचा. तिनं कालचा स्नॅपशॉट उघडला आणि सगळ्या फाइली ओढून बाहेर आणल्या.

नक्ष्या आल्या, कुलपं गायब. वर प्रत्येक फाइलच्या मालकाच्या जागी सुनेचंच नाव.

"वहिनी, बसल्या जागी कारखाना नावावर करून घेतलात की," दीर म्हणाला.

तिनं कपाळावर हात मारला. साध्या नकलेत टाकेच तेवढे येतात. कुलूप, मालक, तारीख मागेच राहतात. स्नॅपशॉटमध्ये मात्र ते सगळं शाबूत होतं. या खेपेला तिनं या सगळ्या खुणांसकट फाइली परत आणल्या. कुलपं जागच्या जागी बसली.

आणि तिच्या वेलीवरही एक कुलूप होतं.

म्हणजे काल दुपारी वेल पसंत होती, आणि संध्याकाळच्या आत कुलूप निघालं होतं. लावणाऱ्या आणि काढणाऱ्या एकच, सासूबाई. आता नुसतं बटण दाबलं, तर वेल झग्यावर उमटली असती. कुणी विचारलंही नसतं. पण ती उठून सासूबाईंकडे गेली. त्या रिळं लावत होत्या. तिनं घडलेलं सगळं सांगितलं.

"काल कुलूप का काढलंत, आई?"

"लावलं तेव्हा वाटलं, कारागिराची आहे. मग मालकाचं नाव बघितलं."

"माझं आहे म्हणून काढलंत?"

"हो. परक्याचं काम एकदा बघून चालतं. घरच्याचं पुन्हा बघावं लागतं, नाहीतर सुनेची म्हणून घेतली असं आपलंच मन म्हणतं." त्यांनी चष्मा चढवला. "बघायचं राहून गेलं ते माझंच चुकलं. आता ते कालचं कुलूप मी काढते, तू वेल मोठी करून दाखव."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. देठापाशी टाके फार दाट झालेत, धागा तुटेल, म्हणाल्या. सुनेनं ते विरळ केले. सासूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, कुलूप लावलं आणि मशीनमध्ये हिरवा धागा ओवायला दिराला हाक मारली.