मऊ कड, कडक इस्त्री

मित्रांनो, गोपिकाबाईंची ओढणी नापास झाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते बोलले नाही. मंगळवार अजून यायचा आहे आणि आपण सगळे मजेत आहोत.

मी एक जुनी ओव्हरलॉक मशीन आहे. कापडाची कड कापायची आणि त्याच दमात शिवून टाकायची, हे माझं काम. एकाच वेळी कापणारे आणि शिवणारे नातेवाईक तुमच्याही घरी असतील, पण माझे टाके सरळ येतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आईवडील आठवत नाहीत, एक पेचकस आठवतो. तिथून मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शेडमध्ये गेले. अकरा वर्षं निळ्या चड्ड्या शिवल्या. नागपुरातली कितीतरी मुलं माझ्या टाक्यांवर बसून गणितात नापास झाली आहेत. एकदा शेडच्या साहेबांनी माझ्या पाठीवर खडूने 'चांगली' असं लिहिलं. आयुष्यातला तेवढा एक पुरस्कार. दुसऱ्या दिवशी तो फडक्याने पुसला गेला.

पुढे शेड बंद पडली आणि मी इतवारीतल्या एका बोळात जुन्या सामानाच्या दुकानात आले. दुकानदार माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचा. कोणी भाव विचारला की कप उचलायचा, गिऱ्हाईक गेलं की परत ठेवायचा. तीन वर्षांत कप फारसा उचलावा लागला नाही.

मग एके दिवशी गोपिकाबाई आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने कप उचलला, आणि मी टेम्पोत बसून नागपूरच्याच जरीपटका वस्तीत गेले.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. नवरा रुपराव पॅन्ट शिवायचे, बाई साड्यांना फॉल-पिको करायच्या. आता लोक पॅन्ट तयार विकत घेतात आणि पिको चौकातल्या नव्या दुकानात उभ्याउभ्या करून मिळतो. खोलीत दोन माणसं, दोन मशिनी आणि एक कॅलेंडर होतं. काम फक्त कॅलेंडरला होतं.

"हे डबडं कायले आणलं वं?" रुपरावांनी माझं स्वागत केलं.

"गोल कड शिकून राहिली मी. रामदासपेठेतल्या बुटीकवाल्या श्वेता मॅडम म्हणे, मंगळवारी अकरा वाजेपर्यंत एक ओढणी करून दाखवा. आवडली तं साऱ्या सिझनच्या ओढण्या आपल्याले."

"अन् नाही आवडली तं?"

"तं ही खोली मोबाइलवाल्याले भाड्याने देऊन टाका. तुमच्या मनात आहेच ते."

"माह्या मनात काही नसते. चाळीस वर्षं पॅन्टीच शिवल्या."

असा आमचा करार ठरला. माझं पुढचं घर इतवारीचा बोळ की जरीपटका, हे एका ओढणीच्या कडेवर येऊन ठेपलं.

मित्रांनो, गोल कड म्हणजे काय, ते सांगते. माझी डावीकडची सुई काढायची. खालचा दोरा घट्ट ओढायचा. वरती लोकरीसारखा फुगलेला नायलॉनचा दोरा लावायचा आणि तो सैल सोडायचा. मग झिरझिरीत कापडाची कड आपोआप आत वळते आणि तो मऊ दोरा तिच्यावर पांघरूण घालतो. ऐकायला सोपं आहे. फुगलेला दोरा माझ्या छिद्रातून जाईना, हीच पहिल्या दिवसाची प्रगती.

गोपिकाबाई मोबाइल माझ्या अंगाला टेकवून एक व्हिडिओ लावायच्या. त्यातली बाई कोणत्या देशाची, कोणत्या भाषेत बोलते, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यामुळे आम्ही बरोबरीने शिकलो. त्या बाईने साधा दोरा फुगलेल्या दोऱ्याला गाठ मारून छिद्रातून ओढून घेतला. आम्हीही घेतला. पहिली कड दातेरी आली, दुसरी सुटली, तिसरीत मी ओढणीचा वीतभर तुकडा खाल्ला.

"खाते बी का वं ते?" रुपराव म्हणाले.

"तुमच्यापेक्षा कमीच खाते."

व्हिडिओत कड पूर्ण झाली की बाई मोबाइल बंद करायच्या. फक्त एकदा कुकरची शिट्टी झाली म्हणून त्या उठल्या आणि व्हिडिओ चालू राहिला. शेवटी त्या परदेशी बाईने गरम इस्त्री उचलली, त्या मऊ दोऱ्याला लावली, आणि दोरा वितळून काट्यासारखा झाला. मग तिने बोट हलवून 'नाही, नाही' केलं. हे खोलीत मी एकटीने पाहिलं. आणि मला तोंड नाही. पायडल दाबलं तरच माझा आवाज निघतो, तोही एकाच शब्दाचा, घर्रर्र.

सोमवारी संध्याकाळी कड जमली. गुलाबी ओढणी, चारही बाजू. ती बोटावरून पाण्यासारखी घसरत होती. गोपिकाबाईंनी ती रुपरावांसमोर धरली. रुपरावांनी चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून ओढणी डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "ठीक आहे." ते स्वतःच्या पॅन्टीलाही एवढं म्हणत नसत.

मंगळवारी सकाळी बाई आंघोळीला गेल्या. रुपराव उठले. त्यांच्या दुकानाचा चाळीस वर्षांचा नियम होता, इस्त्री केल्याशिवाय कपडा उंबरठा ओलांडत नाही. पण बाईंच्या कामाला त्यांनी आजवर कधी इस्त्री लावली नव्हती. तो मान फक्त पॅन्टींचा.

त्यांनी इस्त्री तापवली. टेबल स्वच्छ पुसलं. ओढणी लेकरासारखी पसरली.

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने ओरडले. पायडलवर कोणाचा पाय नव्हता.

चारही कडा त्यांनी मन लावून दाबल्या, मग घडी केली आणि पिशवीत ठेवली. "जाय," बाहेर आलेल्या बायकोला ते म्हणाले, "पहा, कशी कडक केली तं."

बाईंनी पिशवीत हात घातला. बोट कडेवरून फिरलं आणि थांबलं. घड्याळात साडेनऊ झाले होते. दुसरी ओढणी नव्हती.

"हाव," त्या म्हणाल्या, "लय कडक झाली."

दुपारी त्या परत आल्या. ओढणीला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. 'कड टोचते. क्षमस्व. श्वेता.' चिठ्ठी त्यांनी काढली आणि माझ्या चिंध्यांच्या डब्यात टाकली.

"काय म्हणे मॅडम?" रुपरावांनी विचारलं.

"त्याईले रंग नाही आवडला."

"अन् इस्त्री?"

"इस्त्रीचं लय कौतुक केलं."

रुपराव दिवसभर खूश होते. परवा मोबाइलवाला खोलीचं माप घेऊन गेला. माप घेताना त्याने चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, मशिनींना तेल द्या, त्यांच्यावर चहा ठेवू नका आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. बाकी माझं म्हणणं एका अर्जात आहे.

प्रति, मा. संबंधित अधिकारी महोदय. विषय : बोलण्याची परवानगी मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, अर्जदार मशीनला पायडल न दाबता एकच वाक्य बोलण्याची परवानगी, मागील मंगळवार सकाळी नऊ वाजल्यापासून पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात यावी. वाक्य लहान आहे. त्याचा मसुदा सोबत जोडला आहे : 'रुपराव, थांबा.'