पहिले कुंकू तलवारीला

मित्रांनो, कापसातून सरकी वेगळी काढायच्या हातयंत्राला आमच्या वऱ्हाडात रेचा म्हणतात. मी त्या रेच्यांपैकी एक. आज माळ्यावर पडून आहे आणि माझ्या दांड्यावर उंदीर दात घासतात. पण माझ्या तरुणपणी नांदगाव खंडेश्वराच्या बाजूच्या आमच्या गावात माझ्यासारखा रेचा दुसरा नव्हता.

बाभळीच्या लाकडाची गोल फिरणारी माझी लाट आणि तिच्यावर टेकलेली लोखंडी कांब. दोन्हींमध्ये कापूस धरला आणि दांडा फिरवला, की सरकी अलीकडे पडे, रुई पलीकडे जाई. मी अंगाने मोठा. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कापूस भरवायचा, तेव्हा माझे काम चाले.

आता माझे दुखणे सांगतो. माझे मालक भगवंतराव पाटील, त्यांच्या आजोबांची तलवार एकदा टोकाशी मोडली. लोहाराने ती घासून नीट केली आणि उरलेल्या तुकड्यात थोडे लोखंड मिसळून माझी कांब ठोकली. म्हणजे तलवार माझी सख्खी बहीणच. पण ती बैठकीत भिंतीवर, लाल म्यानात. मी पडवीत, सरकीच्या ढिगाशेजारी. पाहुणे आले की तिच्याकडे पाहत आणि पडवीत माझ्यावर पागोटी टांगत. दसऱ्याला पाटावर आम्ही दोघेही असायचो. पहिले कुंकू तिला, पहिला झेंडू तिला. मग नांगर, मग कुऱ्हाड, मग विळे. माझ्यापर्यंत येईतो मालकीणबाई दुर्गाबाईंच्या बोटाला कुंकू उरत नसे. त्या बोट माझ्या लाकडाला नुसते पुसत. तिने एकाही माणसाला ओरखडा काढला नव्हता आणि मी वर्षाला खंडी खंडी कापूस काढत होतो. या विचाराने माझी कांब जळायची.

ज्या सालांची ही गोष्ट, तेव्हा समुद्रापलीकडे अमेरिका नावाच्या मुलखात मोठी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. अमरावतीच्या बाजाराला जाणाऱ्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकू लागल्या. ती लढाई कोणाची, कशासाठी, हे आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हते. पण ती थांबू नये असे सगळ्यांना वाटे. भगवंतराव पारावर बसून खुशाल म्हणत, "चालू द्या बाप्पा, अजून दहा वर्सं चालू द्या!"

मला त्या दिवसांत विसावा नव्हता. भगवंतरावांचा एकुलता एक मुलगा शेषराव दांडा फिरवी आणि त्याची बायको शकुन कापूस भरवी. शेषराव रोज सकाळी एरंडीचे तेल बोटाने माझ्या कांबेला लावी. तेवढ्या वेळापुरती मला तलवारीची आठवण होत नसे.

वर्षातला एक दिवस मात्र माझाच असे. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सात खडे मांडायचे, कपाशीत दहीभात शिंपायचा आणि सीतामाईला मागणे मागायचे. आमच्या शिवारात आणखी दोन रिती होत्या. पहिला कापूस तिथेच माझ्यातून काढून त्याच रुईची वात लावायची. म्हणून मला बैलांच्या बंडीत घालून शेतात नेत. आणि जे मागायचे, त्याच जातीची वस्तू खड्यांपाशी ठेवायची, तिला ठेवणे म्हणत. पाणी मागणारी भरलेला लोटा ठेवी, लेकरू मागणारी पाळण्याची दोरी. घरची बाई मागणे बोले आणि वेचणाऱ्या बायका ते तिच्यामागून म्हणत.

त्या वर्षी बंडीत माझ्या शेजारी लाल म्यान दिसले. तलवार! माझ्या एकुलत्या एका दिवसालाही ती वाटेकरी झाली होती.

दुर्गाबाईंनी ती खड्यांपाशी ठेवली, दहीभाताची मूठ शिंपली आणि मोठ्याने म्हणाल्या, "सीतामाय, पल्याडची लढाई अशीच चालू राहू दे, कापसाचा भाव असाच राहू दे."

बायकांनी मागून म्हटले. मनकर्णाबाई म्हणून एक गमती बाई होती. तिने जोड दिली, "अन् मले हातात चांदीचे गोट होईपर्यंत त थांबूच नको वं माय!" सगळ्या खदखदून हसल्या.

पार्वताबाई तेवढी हसली नाही. ती माळ्याची विधवा. भाजी विकायची आणि मोसमात वेचणीला यायची. तिचा मुलगा एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पलटणीत शिपाई होता. पलटण कुठे दूर गेली होती आणि वर्षभर त्याची खबर नव्हती.

"काहून वं पार्वता, तोंडात दही गोठलं का तुह्या?" दुर्गाबाईंनी विचारले.

"मी लढाई नाही मागत, बाई."

"अवं, हे तुह्या पोराची लढाई नोहे. हे समुद्राच्या पल्याडची हाय."

"तिथच्या पोराईले माय नसतीन का?" पार्वताबाई म्हणाली. "अन् मागाचीच असंन त ठेवणं बरोबर ठेवा. पाण्यासाठी लोटा ठेवता त भरून ठेवता. हे त रिकामा लोटा ठेवला तुमी. तलवार का आपल्या पायानं जाते लढाईले? माणूस जाते. ठेवा घरातला माणूस."

भगवंतराव बंडीपाशी होते, ते उसळले. "मले भाव पायजे म्हणून मी लढाले जाऊ का? कास्तकार पिकवते, शिपाई लढते. पाऊस मागणारा काय ढगात जाऊन बसते?"

"पावसानं कोनाचा पोरगा मरत नाही, पाटील," ती म्हणाली आणि ओटी बांधून वेचायला लागली.

शेषराव माझा दांडा धरून उभा होता. त्याने दांडा फिरवायचा, पण तो फिरवीना. शेवटी वात शकुनने एकटीनेच कशीबशी वळली.

घरी तीन दिवस वाद चालला. शेषराव म्हणे, "माय, तिचं खोटं काय हाय? आपण घरात बसून मागतो, अन् जाते दुसऱ्याचा पोरगा. मी पलटणीत जातो."

शकुन चिडून म्हणाली, "तिच्या पोराले कोनी पाठवलं नोतं. पगारासाठी गेला थो. अन् तुमी एलिचपूरले गेले म्हणून पल्याडच्या लढाईत काय फरक पडनार हाय?"

"काही नाही पडनार," शेषराव म्हणाला. "पण मायनं मागितलं थे फुकटचं नाही रायनार."

"मी माहं मागणं वापस घेतो रे बाप्पा!" दुर्गाबाई रडू लागल्या.

"तोंडातून गेलं थे गेलं, माय."

मित्रांनो, त्या वेळी मी काय विचार करत होतो, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. शेषरावाने भिंतीवरची तलवार उतरवली, तेव्हा माझे लाकूड आनंदाने तडतडले. मी मनात म्हणत होतो, जा, तिला घेऊन जा. भिंत मोकळी होऊ दे. दुर्गाबाईंनी लढाई मागितली होती भावासाठी. मी ती मागितली हेव्यापोटी. आणि माझ्याकडून ठेवणे कोणीच मागितले नाही.

भगवंतराव स्वतः बंडी हाकत त्याला पोहोचवायला गेले. वाटेत मन पालटेल, ही त्यांची आशा. पाचव्या दिवशी बंडी परत आली. भगवंतराव एकटे उतरले. त्यांच्या काखेत घोंगडीची गुंडाळी होती आणि तिच्यातून लाल म्यान डोकावत होते.

"हवालदार हासला," ते म्हणाले. "म्हणे, हे बुढी घरी ने. सरकार बंदूक देते. आमाले फक्त पोरगा पायजे."

तलवार पुन्हा भिंतीवर गेली. ज्याच्या बोटाचे तेल मला मिळे, तो गेला.

पुढचे वर्ष लवकर म्हातारे करणारे होते. माझ्या कांबेवर गंज चढला. दसरा आला. दुर्गाबाईंनी तलवार पाटावर मांडलीच नाही. त्यांनी मला मधोमध ठेवले आणि पहिले कुंकू, भरल्या बोटाचे, माझ्या कपाळावर लावले. जन्मभर मी ज्याच्यासाठी जळलो, ते हेच. पण मला वाटले, हे पुसून टाका आणि त्याला आणा.

मग एका उन्हाळ्यात अमरावतीहून बातमी आली, की पल्याडची लढाई सरली. भाव कोसळला. भगवंतराव डोक्याला हात लावून बसले. दुर्गाबाई मात्र हसत धावत आल्या. "सरली न लढाई? आता येईन न आपला शेषराव?"

"येडी का काय तू?" भगवंतराव म्हणाले. "थे लढाई त्याची नोतीच. पलटणीत नाव लिवलं हाय त्यानं. पलटण सोडंन तवा येईन."

शकुन माहेरी निघून गेली. मोसम आला, तशा दुर्गाबाई माझ्यापाशी एकट्याच बसल्या. एक दिवस पार्वताबाई न बोलावता आली आणि समोर बसून कापूस भरवू लागली.

"मी त तुमाले टोचासाठी बोलली होती, बाई," ती म्हणाली. "त्यानं मनावर घ्यावं म्हणून नाही."

"मालूम हाय मले. तू कापूस भरव."

त्यानंतर ती रोज येऊ लागली.

दिवाळीनंतरची गोष्ट. दारात खाकरल्याचा आवाज झाला. धुळीने भरलेला, दाढी वाढलेला एक शिपाई उभा होता. दोघी एकदम उठल्या. माझा दांडा दोघींच्या धक्क्याने गर्रकन फिरला.

"माय," तो म्हणाला.

तो पार्वताबाईचा होता.

दुर्गाबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांचा हात माझ्या दांड्यावर परत आला आणि त्यांनी तो असा आवळला, की मला वाटले आता मी मोडतो. मित्रांनो, हेवा मला दुरूनही ओळखू येतो. मी आयुष्यभर तोच तर केला. त्यांच्या चेहऱ्यावर मी तो पाहिला, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि मला माझी लाज वाटली.

मग त्यांनी दांडा सोडला. आत गेल्या, भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. पार्वताबाई नुसती रडत उभी होती. दुर्गाबाईंनी त्या पोरावरून तुकडा ओवाळला, पाण्यासकट बाहेर फेकला आणि त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली. तेव्हा कुठे त्यांनी विचारले, "माहा शेषराव दिसला का रे तुले?"

"दुसऱ्या कंपनीत हाय, काकी. चांगला हाय. रजा कवा भेटंन, थे नाही सांगता येत."

"जेवते न पोटभर?"

"जेवते."

"जाय मंग. मायसंगं घरी जाय. पार्वता, तूई जाय वं. आज काही येऊ नको."

ती मायलेकरे गेली. दुर्गाबाई परत माझ्यापाशी बसल्या. उजव्या हाताने दांडा फिरवायचा, थांबायचे, डाव्या हाताने कापूस भरवायचा, पुन्हा फिरवायचे. तसे एकटीने करायचे ते काम नव्हते. संध्याकाळपर्यंत टोपलीभरही रुई निघाली नाही, पण त्या उठल्या नाहीत.

पुढे वाफेवर चालणारे कारखाने आले आणि मी माळ्यावर आलो. इथे पडल्या पडल्या मी खाली तुमचे खेळ ऐकतो. कधी तुम्ही लढाईचा खेळ खेळता आणि ओरडता, "लढाई झालीच पाहिजे!" ओरडा, मी अडवत नाही. लढाई मागणाऱ्या प्रत्येकाने बंदूक घेतलीच पाहिजे का, याचे उत्तर त्या गावात कोणालाही देता आले नाही, मग मी लाकूड काय देणार? एवढेच विनवतो, की ओरडण्याआधी समोर पाहा. ज्याच्या घरातले माणूस तिकडे गेले आहे, तो तुमच्यात उभा असेल, तर आधी त्याला विचारा की त्याची काही खबर आली का.