नऊ रुपयांची भवानी

मोबाईलवर काही शोधलं की सगळ्यात वर, बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं एखादं नाव येतं. त्याला तुम्ही कधी उगाच बोट लावलंय का? लावलं असेल, तर तुमच्या त्या बोटाचे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरलेत. मी त्यातलीच एक. संगमनेरच्या राजेश्वरीताईंच्या शिवलेल्या नऊवारीची जाहिरात बोलतेय.

माझा जन्म एका खोलीपायी झाला. ताई घराच्या पुढच्या खोलीत नऊवारी शिवतात. नेसायची कटकट नाही, पायात घालून वर ओढली की झालं. पण गिऱ्हाईक सगळं गल्लीतलं. धाकटे दीर भागवतराव यांना त्याच खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. शेवटी घरात ठरलं, की महिनाभरात बाहेरगावाहून एक तरी ऑर्डर आली तर खोली ताईंची, नाही तर भागवतरावांची.

ताईंची भाची स्नेहल नाशिकला कॉलेजात शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिनं मला तयार केलं, दिवसाला दोनशे रुपये ठरवले आणि परीक्षेला निघून गेली. माझा मजकूर मात्र ताईंनी स्वतः लिहिला, "आमच्याकडे सर्व प्रकारची शिवणकामे वेळेवर करून मिळतील." नऊवारीचं नावही नाही. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नवरीच विसरली.

आता माझा संसार कसा चालतो ते सांगते. कोणी 'नऊवारी साडी' असं शोधलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत वरच्या जागेचा लिलाव होतो. पुण्यामुंबईची मोठी दुकानं तिथं आधीच हात वर करून उभी असतात. ताईंनी माझ्यासाठी एका क्लिकला जास्तीत जास्त दहा रुपये बोली लावली होती. कोणी नुसतं पाहिलं तर फुकट. दाबलं की पैसे गेले, मग माणूस साडी घेवो नाही तर जांभई देवो.

पहिल्या दिवशी सकाळी ताईंच्या सासूबाई आक्काबाई फोन घेऊन बसल्या. दुकानात दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, चांगल्या हातानं व्हावी अशी त्यांची श्रद्धा. "परक्या मानसाची भवानी कशाला? माझा हात चांगला हाय," म्हणाल्या आणि मला दाबलं. नऊ रुपये गेले. ताईंनी हात जोडले. मीही जोडले असते, पण मला हात नाहीत.

मग आक्काबाईंनी भावकीच्या ग्रुपवर निरोप टाकला, "आमच्या राजीची जाहिरात लागली हाय. समद्यांनी हात लावा." भावकीत त्रेचाळीस फोन. कोपरगावच्या नणंदेपासून भिंगारच्या चुलत्यापर्यंत सगळ्यांनी मला दाबलं. एकाच फोनवरून चार-चारदा दाबलं त्याचे पैसे जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीनं ओळखून सोडून दिले, बाकीचे नाही. साडेनऊ वाजता दोनशे रुपये संपले आणि मी दिवसभर झोपले. असं आठवडाभर रोज. इतकं प्रेम करणारी माणसं आणि त्यात गिऱ्हाईक एकही नाही.

ताईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना क्लिक करायला बंदी केली. भावकी आज्ञाधारक. आता सगळे रोज मला शोधायचे, डोळे भरून बघायचे आणि न दाबता निघून जायचे. कंपनीला वाटलं, ही शंभरदा दिसते तरी कोणी हात लावत नाही, म्हणजे हिच्यात काही दम नाही. मी खाली खाली जायला लागले. वर राहायला बोली वाढवावी लागली. एका क्लिकला चौदा रुपये.

महिन्याचे तीन दिवस उरले तेव्हा स्नेहल परत आली. तिनं माझं सगळं तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, नुसत्या बोलीवर भाव ठरत नाही गं. माणसानं जे शोधलं तेच जाहिरातीत हवं. ती बघून लोकांना दाबावंसं वाटायला हवं. आणि दाबल्यावर जे पान उघडतं तिथंही तीच वस्तू दिसायला हवी. तुझ्या पानावर काय आहे? गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. तेही उघडायला मिनिट लागतंय."

ताईंचे यजमान अंगदराव दूध संकलन केंद्रावर काम करतात. ते चहा पिता पिता म्हणाले, "म्हंजी फॅट लावूनच भाव की. दूध चांगलं आसंल तर कमी घालूनबी परवडतं. पातळ आसंल तर कॅन भरून आनलं तरी काय उपेग न्हाई."

"अगदी तसंच, काका. चांगली जाहिरात कमी पैशात वर राहते. खालच्या जाहिरातीपेक्षा थोडं सरस ठरायला लागतील तेवढेच पैसे घेतात. आपल्या जाहिरातीत भावकीनं पाणी घातलं."

आक्काबाई दारातून म्हणाल्या, "म्हंजी मी पानी घातलं म्हन की सरळ."

अंगदरावांनी बशीत चहा ओतला.

स्नेहलनं 'नऊवारी साडी' हे शब्द सोडून दिले. त्यावर मोठ्यांची गर्दी. त्याऐवजी 'शिवलेली नऊवारी' घेतलं, आणि तेही फक्त संगमनेर, अकोले, राहाता, कोपरगाव एवढ्यातच. माझा मजकूर बदलला, 'शिवलेली नऊवारी, तुमच्या मापाची, संगमनेर.' फुलं गेली. आता फोटो हवा होता, आणि घालून दाखवायला कोणी तयार होईना.

"आत्या, तुमी उभ्या राहता का?" ताईंनी सासूबाईंना हळूच विचारलं.

साठ वर्षं स्वतःच्या हातानं नऊवारी नेसणाऱ्या आक्काबाई या शिवलेल्या प्रकाराला पायजमा म्हणायच्या. पण त्या उठल्या. "पानी मीच घातलं, तर मीच काढते. आन् फोटू नीट काढ. पाय झाकून."

शनिवारी दुपारपर्यंत तो फोटो पानावर चढला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सगळ्यात वर बसले, आणि क्लिकचा भाव चार रुपयांच्या आत आला होता. महिन्याचा मात्र एकच दिवस उरला होता.

तुम्हाला एवढीच विनंती. कोणावर माया असेल तर त्याला फोन करा, घरी जा, चहा प्या. मायेपोटी माझ्या अंगाला हात लावू नका. नऊवारी हवी असेल तर खुशाल लावा, मी त्यासाठीच उभी आहे.

रविवारी सकाळी आठ वाजता कोपरगावच्या एका महिला मंडळानं मला दाबलं, तीन रुपये ऐंशी पैसे लागले, आणि फोटोतल्या आजींसारख्या अकरा नऊवारी मागवल्या. नऊ वाजता भागवतराव खोली मोजायला टेप घेऊन आले, आणि आक्काबाईंनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं.